मिगच्या आतली खुर्ची

पिपलानीतलं कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ह्यांनी प्लास्टिकच्या विमानाचा डबा मागवला. सुटे भाग जोडून, रंगवून वीतभर लांबीचं मिग लढाऊ विमान करायचं होतं. जेवणाचं टेबल गेलं, पण माणूस रमेल म्हणून मी गप्प बसले.

डब्यात आलेलं कॉकपिट मात्र ह्यांना पटेना. फारच सपाट आहे म्हणाले. मग दुसऱ्याच एका कंपनीचं, रेझिनमध्ये ओतलेलं कॉकपिट परदेशातून मागवलं. सोबत पितळी पत्र्याचे नखाएवढे तुकडेही आले: खुर्चीचे पट्टे, बारीक दांडे. नव्या कॉकपिटमधलं एकेक बटण दिसत होतं. फक्त ते आत बसवल्यावर विमानाच्या धडाच्या दोन बाजू मिटेनात. मध्ये चांगली फट राहायची.

ह्यांनी धड आतून घासायला घेतलं. धूळ उडायला लागली तशी मी ह्यांना तोंडाला मास्क लावून, पाण्याची बादली देऊन बाल्कनीत बसवलं. चार दिवस घासणं चाललं. पाचव्या दिवशी एक बाजू उजेडात धरली तर त्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसली. भोक पडलं होतं. त्याच संध्याकाळी चिमट्यातून पितळेचा एक पट्टा उडाला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून टॉर्चने फरशी धुंडाळली. मिळाला नाही.

ह्यांनी सगळं डब्यात भरलं आणि डबा कपाटावर टाकला. पुढचे तीन आठवडे हे टीव्हीसमोर बसून राहिले.

न राहवून एकदा मी म्हटलं, जुनंच कॉकपिट बसवा की, झाकण लावल्यावर आतलं कोणाला दिसणार आहे?

ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "बाबा आतलंच काम करायचे."

माझे सासरे नाशिककडे विमानांच्या कारखान्यात होते, एवढं मला माहीत होतं. ते मिगमध्ये खुर्च्या बसवायचे, हे लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. लहानपणी घरावरून विमान गेलं की हे आणि ह्यांची बहीण अंगणात धावायची. बाबा मात्र जेवत असले तर मान वर करायचे नाहीत. विमान बाहेरून सगळे बघतात, म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मीच डबा खाली काढला. कॉकपिट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. खाली एक जाड ठोकळा होता.

"अहो, हा लागतो का?"

ह्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि खुर्चीतच मागे टेकले. रेझिन जिथून ओततात तिथला तो जास्तीचा भाग होता. थोडा कापून, उरलेला तळच आहे असं समजून ह्यांनी ठेवून दिला होता. उभी नोकरी ओतकाम विभागात काढलेला माणूस! हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग मलाही आवरेना.

ठोकळा कापला, धड मिटलं. भोकावर पुट्टी भरली. ती घासताना पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा पुसल्या गेल्या, तेवढा भाग अजून गुळगुळीत दिसतो. हरवलेला पट्टा मी माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून केला. शेवटी नवी खुर्ची डब्यातल्या खुर्चीपेक्षा उंच असल्याने वरचं पारदर्शक झाकण लागेना, तेव्हा ह्यांनी ते उघडंच चिकटवलं.

उन्हाळ्यात नणंद आल्या. विमान हातात घेऊन त्यांनी ते उंच न धरता डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"हा पट्टा कोणी केला रे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.