बंद दाराचा थांबा

चोवीस जून, सोमवार, दुपारी एक वाजून सात मिनिटे. मुलुंडहून घाटकोपरकडे निघालेली शाळेची छोटी बस एका बंद कारखान्याच्या भिंतीलगत थांबली. दार उघडले नाही. कुणी चढले नाही, कुणी उतरले नाही. मी स्टॉपवॉच सुरू केले. बसमधल्या मदतनीस बाई सीटखाली वाकल्या, इकडेतिकडे भिरकावलेले दोन बूट त्यांनी शोधून काढले आणि खिडकीजवळच्या तेरा वर्षांच्या मुलीसमोर गुडघे टेकून विचारले, "घाई कोणाक आसा?"

"नाय," मुलगी म्हणाली.

"माका पण नाय. मग उजवो पाय दी बघू."

तीन मिनिटे बावन्न सेकंद. मी रकाना भरला: दार बंद, चढउतार शून्य.

भौतिकशास्त्रातली पदवी घेऊन मी वाहनांचे मार्ग आखणाऱ्या एका कंपनीत लागले होते आणि हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेची ही बस अकरा मुलांना घरी सोडायला दीड तासाहून अधिक वेळ घेई. तो वेळ कमी करायचा होता. उद्देश चुकीचा नव्हता. दीड तास पट्ट्यात बांधून बसणे आपल्यालाही सोसले नसते.

बाईंना सगळे मावशी म्हणत. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, खांद्याला कायम एक ओला नॅपकिन. इतर थांब्यांवर मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला की ड्रायव्हर कुरकुरे, "मावशी, शिव्या घालतोय तो."

"घालूंदे. फुकट गावतत त्या. पेट्रोल तसा गावता?"

शेवटचे मूल उतरले की त्या प्रत्येक सीटवरून हात फिरवत मागपर्यंत जात, खाली वाकून पाहत आणि मोठ्याने म्हणत, "कोण रवला नाय." बसमध्ये तेव्हा ड्रायव्हर आणि मी सोडून ऐकायला कुणी नसे. एरवी मीही नसे. मग मावशी खिडकीजवळच्या त्या मुलीच्याच सीटवर बसत, चपला काढत आणि रिकाम्या बसमधून परत येत. एकदा मी विचारले, "घरी कोण असतं, मावशी?"

"घड्याळ. ता पण बंद पडलाहा." हसल्या. "तू ये गो रविवारी. बांगडे करीन. एकटीसाठी तवो तापवूक कंटाळो येता."

येते म्हणाले. मुलुंडमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीतही मी एकटीच जेवत असे. तरी गेले नाही. रविवारी आलेख काढायचे होते.

त्या थांब्याविषयी मी त्यांना विचारले नाही असे नाही.

"इथे का थांबतो आपण?"

"बूट घालूक."

"ते तिच्या गल्लीत उतरताना नाही का घालता येणार?"

"गल्लीत घालून बघ तू," त्या म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. प्रत्यक्षात ते अचूक निरीक्षण होते. मुलीला बसमध्ये पायात काही सहन होत नसे, आणि 'आता उतरायचे' हे तिच्या मनाशी जुळायला वेळ लागे. तिची गल्ली अरुंद. बस उभी राहिली की मागे हॉर्न सुरू, आणि हॉर्नने ती बिथरे. म्हणून मावशी तिला भिंतीच्या शांततेत तयार करीत. गल्लीत मग ती वीस सेकंदांत उतरे. ते वीस सेकंदही माझ्या नोंदीत होते. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत, हे मला सुचले नाही. अहवालात मी लिहिले: 'अनावश्यक थांबा, कारण अज्ञात. वगळावा.' कारण मला सांगितले गेले होते. ते मोजता येत नव्हते, इतकेच.

थांबा वगळल्याच्या चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. गल्लीत दार उघडताच मागे हॉर्न वाजले. मुलगी अनवाणीच दाराकडे धावली. मावशींनी तिला दप्तराला धरून आत खेचले आणि स्वतः पायरीवरून रस्त्यावर पडल्या. मुलीला खरचटलेही नाही. मावशींचे मनगट आणि खुबा मोडला. बसच्या ठेकेदाराने नोंद केली: 'मदतनिसाचा निष्काळजीपणा.' आणि त्यांना कामावरून काढले.

"मॅडम, तुमच्या कागदात दोन ओळी लिहा ना," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचं काय जातंय? तिची नोकरी वाचेल."

काय जात होते, ते मला ठाऊक होते. पुढच्या बुधवारी वरिष्ठांसमोर माझे सादरीकरण होते. वाचवलेला वेळ हाच त्याचा पाया होता. मी बुधवार होऊ दिला. सादरीकरण चांगले झाले. त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे ड्रायव्हरच्या फोनपासून नवव्या दिवशी, मी लिहिले: 'थांबा आवश्यक होता. तो वगळण्याची शिफारस माझी. मदतनिसाचा दोष नाही.' ठेकेदाराने नोंद खोडली आणि बरे झाल्यावर कामावर घेण्याचे पत्रही दिले.

ते पत्र घेऊन मी मावशींच्या भांडुपमधल्या चाळीत गेले. दाराला कुलूप होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गेली की ती. पुतण्या आला, गावाला घेऊन गेला. परवाच."

"फोन लागत नाही त्यांचा."

"लागेल कसा? इथंच राहिला ना. हा बघ." फडताळावरून त्यांनी तो काढून दाखवला. "पुतण्याचा नंबर कोणाकडे असणार? मालवणच्या पुढे कुठंतरी गाव आहे एवढंच म्हणायची. तू कोण तिची?"

पत्र अजून माझ्याजवळ आहे.

थांबा पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मी बसमध्ये होते. तीच भिंत, तेच बंद दार. नवी मदतनीस चटपटीत होती. तिने दोन मिनिटांत बूट घातले, दप्तर चढवले. "चल बाळा, झालं."

मुलगी जागची हलली नाही. बूट घातलेले पाय जुळवून, समोर जिथे मावशी गुडघे टेकत तिथे पाहत राहिली.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिले. "मॅडम, ते विचारावं लागतं तिला."

मी उठले, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि माझ्या कोरड्या, पुस्तकी उच्चारांत विचारले, "घाई कोणाक आसा?"

तिने माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि नुसती मान डोलावून बस पुढे नेऊ दिली.

सहा मिनिटे अकरा सेकंद.