टाकीला गेलेली खांड

ज्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांचं मीठ, तंबाखू आणि भांडण बंद केलं, त्या दिवशी आमच्या घरात मासे पाळायचं ठरलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी हयात पेणच्या खाडीकडल्या मिठागरावर मुकादमीत गेली. बांधाच्या या टोकाला उभं राहून त्यांनी त्या टोकाच्या माणसाला हाक मारली, की मधले बगळे उडायचे. निवृत्त झाल्यावर ती हाक रामवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत मावेना. ऐकणारी माणसं दोनच, आई आणि मी. त्यात मी शाळेतला ग्रंथपाल! "शांतता राखा" ही पाटी शाळेत भिंतीवर होती आणि घरी माझ्या तोंडावर. अण्णांनी दहा वाक्यं बोलावीत आणि मी एकदा "हं" म्हणावं. आता "हं"शी कोण भांडणार? मग ते पेपरवाल्याशी भांडायचे, एसटीच्या कंडक्टरशी भांडायचे आणि कोणीच सापडलं नाही तर रेडिओवरच्या बातम्यांशी. शेवटी प्रेशर असं चढलं की डॉक्टरांनी यंत्राकडे बघून आधी स्वतःच खुर्चीत बसून घेतलं.

"मीठ नाय, तंबाखू नाय, भांडण नाय. मग डॉक्टर, जगून करायचं काय?" अण्णांनी विचारलं.

"मासे बघायचे. काचेची टाकी आणा, रंगीत मासे सोडा आणि बघत बसा. मन शांत होतं."

"नुसते बघायचे?" अण्णांना हे पटेना. "आणि खायचे कधी?"

मी मात्र उत्साहाने पेटलो. (मी उत्साहाने पेटलो की काय करतो? पुस्तक काढतो.) आमच्या ग्रंथालयात मत्स्यपालनाचं एकच पुस्तक होतं. ते मी दोनदा वाचलं आणि टिपणं काढली. तेवढ्यात कळलं की रोह्याला एका कंपनीतल्या साहेबांची बदली झाली आहे आणि ते आपली टाकी माशांसकट काढून टाकताहेत. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी रोहा गाठलं. साहेबांच्या बाईंनी डोळे पुसत टाकी माझ्या हवाली केली. चार सोनेरी मासे झाकणाच्या किटलीत घालून दिले आणि वर एक पांघरूण दिलं. "टाकी झाकूनच न्या हं. आणि कोपऱ्यांना जपा!"

कोपऱ्यांना मी जिवापाड जपलं. इतकं, की गाडी पेणला थांबली तेव्हा मला उठताच येईना! कारण मांडीवर टाकी होती आणि टाकीत शेजारच्या मावशींची बोंबलांची पाटी होती.

"रिकामीच हाय ना? मंग ठेवली," असं त्या नागोठण्यालाच म्हणाल्या होत्या आणि मी "हं" म्हणालो होतो.

"मावशी, पेण आलं! पाटी काढा!"

"आलं तर आलं. मना जित्याला उतरायचं हाय."

असा मीही जित्याला उतरलो. पेणला राहणारा माणूस पेण डोळ्यांसमोरून जाऊ देतो आणि पुढे दोन स्टेशनं जाऊन उतरतो, याला पुस्तकी माणूस म्हणतात. जित्याच्या रस्त्यावर मला जोह्याहून गणपती घेऊन पेणला चाललेला एक टेम्पो भेटला. ड्रायव्हर भला माणूस. त्याने दोन मूर्तींच्या मध्ये गवत सारखं करून टाकी बसवली.

"बिनघोर बसा. आजवर मूर्तीचा कान नाय दुखावला माझ्या हातून."

आणि खरंच, टाकीला ओरखडा गेला नाही. किटलीतले मासेही ठणठणीत. टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. ड्रायव्हरने पांघरूण घातलेली टाकी दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातांत दिली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" आतून आईचा आवाज आला.

यापुढचं सगळं अर्ध्या मिनिटात घडलं. आई बाहेर आली. दारात मूर्तींचा टेम्पो, माझ्या केसांत गवत, हातांत चौकोनी काहीतरी आणि त्यावर पांघरूण! आईचा भाऊ, म्हणजे आमचा दिनामामा, जोह्याला मूर्ती करतो. दर वर्षी आमचा गणपती तोच पाठवतो आणि तो असाच तोंड झाकून येतो. यंदा भावाने दोन महिने आधीच पाठवला, एवढाच विचार आईने केला. गणपती घरात घेताना आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं असतं. आईने हातातला तांब्या माझ्या पायांवर उपडा केला.

"आई, थांब! हा गणपती ना..."

"तोंड बंद ठेव बाला, बाप्पा आत येतोय!"

ओली शहाबादी फरशी, ओले पाय आणि मी. टाकीचा पुढचा कोपरा चौकटीवर आपटला आणि "टिक्" असा आवाज झाला. पांघरूण काढलं तर कोपऱ्यापासून निम्म्या काचेपर्यंत तिरका तडा गेलेला!

आई आधी टाकीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "अरे, यात देव कुठाय?"

मासे तूर्त अंघोळीच्या घंगाळात सोडले. अण्णा कॉटवरून उठले. डॉक्टरांनी जेमतेम चालायला सांगितलेला माणूस तरातरा आला, टाकीशी उकिडवा बसला आणि तड्यावरून बोट फिरवून त्याने निकाल दिला, "खांड गेलीय."

खाडीचा बांध फुटतो त्याला आमच्याकडे खांड जाणं म्हणतात. अण्णांनी उभ्या आयुष्यात अशा किती खांडी बुजवल्या असतील, देव जाणे. त्यांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी चमक दिसली.

"अण्णा, काच आहे ही. नवीनच घेऊ या," मी म्हणालो.

"नवीन? बांधाला खांड गेली तर आपण नवीन खाडी आणतो काय रं मास्तर?"

ग्रंथपाल असूनही अण्णा मला मास्तरच म्हणत, तेही चिडवायचं असलं की. सोमवारी मी पुस्तक उघडलं. "तडा गेलेली टाकी दुरुस्त करणे" हे प्रकरण अनुक्रमणिकेत होतं, आत नव्हतं. कोणीतरी ती पानं फाडून नेली होती! पुस्तक सुस्थितीत असल्याची नोंद रजिस्टरात होती आणि खाली सही माझी होती.

पहिली दुरुस्ती अण्णांनी केली. खाडीकाठच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बांधाची चिकणमाती मागवली, पायाने मळता येईना म्हणून आईकडून परातीत मळून घेतली आणि तडा आतून-बाहेरून लिंपला. पाणी भरलं, मासे सोडले. खरंच, थेंब गळेना! फक्त तासाभरात पाण्याचा चहा झाला.

"अण्णा, मासे दिसत नाहीत."

"आत हायत ना? मंग झालं! मी बघतोय."

"काय बघताय?"

"बांध बघतोय."

रविवारी दिनामामा आला. टाकी बघून त्याने कपाळावर हात मारला. "दाजी, हे काय केलंत? खंडित झालेली वस्तू ठेवू नये घरात. आमच्याकडं मूर्तीला चीर गेली की तिला आम्ही पूजेला देत नाय. नवीन घ्या!"

"मासे काय पूजेला बसवायचेत? तू मूर्ती कर, दिना. पाण्याचं मला शिकवू नको."

"पाण्यात शेवटी माझ्याच मूर्ती जातात ना?"

"त्या विरघळतात! उद्या टाकी विरघळवशील!"

मामाला हे लागलं. पुढच्या रविवारी तो प्लॅस्टर आणि काथ्या घेऊनच आला. नवीन घ्या म्हणणारा माणूस दिवसभर दुरुस्ती करत बसला. तड्यावर काथ्या घालून प्लॅस्टर चढवलं, घासून गुळगुळीत केलं आणि सवयीने रंगही दिला: आधी गुलाबी, मग कडेने सोनेरी. आमच्या टाकीला जणू गणपतीचा दंड फुटला होता. शेजारणी बघायला आल्या. एकीने तर नमस्कारही केला! तिसऱ्या दिवशी तो दंड आतल्या आत पाण्यात उतरला आणि टाकीत दूध झालं.

"पाण्याचं मला शिकवू नको," अण्णा शांतपणे म्हणाले. दिवसभर ते हे एकच वाक्य म्हणत होते, मधूनमधून, चव घेत.

मग माझी पाळी. मी जन्मभर पुस्तकांच्या पाठी चिकटवत आलेलो. मैद्याची घट्ट खळ केली, बांधणीच्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि तड्यावर आतून तीन थर दिले. वाळल्यावर पाणी भरलं. सुरेख! पाणी स्वच्छ, मासे दिसताहेत, गळती नाही. चारही मासे पट्टीशी रांगेत उभे होते.

"मास्तरचं काम आवडलं त्यांना," आई कौतुकाने म्हणाली.

आवडलं होतं खरंच. संध्याकाळपर्यंत माशांनी माझी दुरुस्ती खाल्ली.

रात्रीच्या जेवणाला अण्णा इतके हसले की आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पण मी धास्तावलो. हसणं, ओरडणं, दर रविवारी मामाशी जुंपणं! डॉक्टरांनी भांडण बंद केलं होतं आणि आमच्या घरात टाकीपायी त्याचा रतीब लागला होता. बाप हातचा जाईल, या भीतीने मी पेणमधल्या काचवाल्याकडे जाऊन गुपचूप नवी टाकी सांगितली. तिच्यामुळे सगळे वाद मिटणार होते.

ती मिळायच्या आदल्या दिवशी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं. परत बघितलं. मग दुसऱ्या हाताचं बघितलं, मग कपाटातून दुसरं यंत्र काढलं.

"अगदी छान आहे! बघा, म्हटलं होतं ना? रोज मासे बघता की नाही?"

"कुठले मासे? ते घंगाळात हायत. वरून नुसत्या पाठी दिसतात."

"मग दिवसभर करता काय?"

"भांडतात!" आई म्हणाली. "टाकी नीट करायची का नवीन घ्यायची, यावर. सकाळी उठल्यापासून. माझ्याशी, भावाशी, आणि अवो डॉक्टर, आता हा आमचा मुका पोरगाही उलटून बोलाया लागलाय!"

डॉक्टर पेन खिशाला लावून उठले. मग मला एकट्याला दारापाशी घेऊन म्हणाले, "ते जे काय चाललंय ना, ते मिटवू नका."

आता नवी टाकी कुठे लपवायची? दुसऱ्या दिवशी ती मी परस्पर शाळेच्या ग्रंथालयात नेऊन ठेवली. "ग्रंथालयाला सप्रेम भेट" असं रजिस्टरात लिहिलं. देणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. घरी येऊन चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि म्हणालो, "अण्णा, मी तुम्हाला शेवटचं सांगतो. नवीनच घ्यायला हवी."

"का म्हणून?" अण्णा लगेच उठून बसले.

त्यानंतर हा वाद किती वर्षं चालला, हे मला मोजून सांगता येणार नाही. सोनेरी मासे घंगाळातच म्हातारे झाले आणि गेले. आम्ही बादलीत अंघोळी केल्या. मासे नसताना टाकी कशाला, हा प्रश्न घरात कोणी काढला नाही, आईनेही नाही. मी शाळेतून येताना वाटेत नवे मुद्दे जुळवायचो. काच सांधायच्या नळीतल्या लुकणाबद्दल कुठे वाचलं, तर ते लपवायचो आणि काच कधीच सांधत नाही असं ठामपणे सांगायचो. मीठ कमी, तंबाखू चोरून आणि भांडण पोटभर, अशी अण्णांनी पुढची सगळी वर्षं काढली. हे औषध आपण देतोय, याचा मला मनातून केवढा गर्व! पुस्तकातली पानं फाटलेली असून मी बापाला बरं केलं होतं.

यंदा अण्णा गेले. तेराव्याला सगळे उठल्यावर मी मामाजवळ बसलो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली: नवी टाकी केव्हाच आली होती, शाळेत ठेवली होती, अण्णांसाठीच हा वाद मी चालू ठेवला.

मामाला हसू आवरेना. तेराव्याच्या घरात!

"अरे येड्या, ते दाजींना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. काचवाला त्यांच्याच मिठागरावरच्या माणसाचा जावई. मी म्हणलं त्यांना, दाजी, मंग मिटवा आता. तर म्हणाले, गप बस दिना. तो पोरगा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलतोय. टाकी नीट झाली तर परत 'हं' म्हणत बसंल."

मी काय म्हणणार?

"हं," मी म्हणालो.

मामा अजून रविवारी येतो. चहा झाला की टाकीकडे बघून विचारतो, "मंग, घ्यायची का नवीन?"

"बांधाला खांड गेली तर आपण नवीन खाडी आणतो काय?" मी विचारतो. हल्ली मी दुरुस्तीच्या बाजूने आहे.

टाकी पडवीत आहे. आई तिच्यात पापड ठेवते. तडा होता तेवढाच आहे.