वन्संना एकच आवाज हवा होता

पुलाचा चढ संपला तेव्हा वन्संनी बाबागाडीचा ब्रेक लावला आणि कठड्याला टेकल्या. अर्धी वाट झाली होती, अर्धी उरली होती. गाडीत बाळ नव्हतं. माझ्या नातवानं टाकून दिलेली ती गाडी, आणि तिच्यात शालीत गुंडाळलेला, वन्संनी जुन्या बाजारातून आणलेला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा तो स्पीकरचा खोका. वाजता वाजता धूर सोडून तो मुका झाला होता. बसवाल्यानं चढवू दिला नाही, म्हणून आम्ही दोघी त्याला ढकलत दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो होतो.

एक म्हातारी थांबून गाडीत वाकली. "किती महिन्यांचं?"

"वीस वर्षांचं," वन्सं म्हणाल्या. "पोट बिघडलंय."

म्हातारीनं शाल बाजूला करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि भरभर पुढे गेली.

"अहो वन्सं, काय हे!"

"खोटं कुठं बोलले? चल, ढकल."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पडदे शिवतात. त्यांच्या घरात गेलं की आधी कापडाचे गठ्ठे दिसतात, मग मशीन, मग त्या. गावातल्या निम्म्या खिडक्या आपणच झाकल्यात असं सांगतात. मी काही मोजायला गेले नाही. लोक पन्नाशीला गुडघ्याचं तेल शोधतात, यांनी बेस गिटार शोधली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "साध्या गिटारला सहा तारा, हिला चार. दिवसभर शिवून आल्यावर मला तेवढ्याच झेपतात." बेसचा आवाज खोल, जाड. गाण्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही. थांबला की मात्र घरातली बाई माहेरी गेल्यासारखं होतं.

चौघांचा बँड त्यांचा. ड्रम वाजवतात ते गणिताचे मास्तर, आणि ते बँडकडेही वर्गासारखंच बघतात. रविवारी सभागृहात कार्यक्रम होता. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, बुधवारच्या तालमीत बेस नीट ऐकू आला पाहिजे, नाहीतर कीबोर्डवाली डाव्या हातानं खालचे सूर सांभाळून घेईल, तुम्ही आराम करा.

"आराम करा!" वन्सं वाटभर पुटपुटत होत्या. "सात वर्षं मी वाजवतेय ते हिच्या डाव्या हाताचा मळ होय?"

दुरुस्तीवाल्यानं अ‍ॅम्पची पाठ उघडली, वास घेतला आणि परत बंद केली. "बाई, आता याला त्रास देऊ नका." मी मनातल्या मनात त्या खोक्याला नमस्कार केला. वन्संनी शाल तेवढी काढून घेतली.

वाद्यांचं दुकान समोरच होतं. तिथला दुकानदार केसांची शेंडी बांधणारा, बोलायला गोड. आधी त्यानं नवा अ‍ॅम्प दाखवला. कपाटाएवढा! वन्संनी किंमत वाचली, आपल्या कमरेला हात लावला आणि म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड. दुसरं दाखव."

मग त्यानं पायानं दाबायच्या छोट्या डब्या मांडल्या, रंगीबेरंगी. एक आवाज खरखरीत करणारी, एक सुराला खालचा जोडीदार देणारी, एक लहानमोठे सूर सारखे करणारी. वन्सं पडद्याचं कापड घेताना विचारतात तेच त्यांनी इथंही विचारलं, "हिच्यात खोट काय आहे ते आधी सांग. गुण मी शोधीन."

शेंडीवाला जरा गांगरला. पण खरं बोलला. "ही खरखरीवाली साध्या गिटारसाठी केलेली आहे, काकू. बेसला लावली तर खालचा आवाज खाऊन टाकते."

"मग मला कशाला दाखवतोस? खालचाच तर माझा आहे."

शेवटी त्यानं एक चपटी पेटी काढली. वापरलेली, कडेला ओरखडे. म्हणाला, हिच्यात मोठमोठ्या अ‍ॅम्पची नक्कल आहे, त्या डब्यांचीही आहे. पिशवीत घालून न्या, जिथे असेल त्या स्पीकरला जोडा. "शंभर आवाज आहेत यात, काकू!"

"मला एक हवाय."

"पण शंभर मिळतायत ना!"

"मग नव्व्याण्णव काढून घे आणि भाव कमी कर."

मला हसू आवरेना. शेजारच्या खोलीत ड्रमचा वर्ग चालू होता, म्हणून त्यानं वन्संना हेडफोन दिले. प्रत्येक आवाजावर त्या तेच चार सूर वाजवत होत्या. शेंडीवाला म्हणाला, "काहीतरी वेगळं वाजवा की."

"तालमीत मी हेच वाजवते. वेगळं वाजवून फसायचं कशाला?"

एका आवाजाशी त्या थांबल्या आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण अंगावर गोधडी ओढल्यासारखं ऊबदार वाटलं. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटलं तर हे ताक बरं होतं. पेटी घेतली.

बुधवारी मीही गेले तालमीला. तिथल्या खोलीत एक मोठा अ‍ॅम्प कायमचा ठेवलेला आहे, पण बेस सरळ लावली तर तो फुसका वाजतो, म्हणून वन्संनी पेटी मध्ये जोडली. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांची बोटं तेवढी हलताना दिसली, आवाज काही पोचेना. कुठूनतरी हुंहुं येत होतं, तेवढंच. वन्संनी आवाज वाढवला, तर हुंहुं वाढलं. मास्तरांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "ताई, चहाला जाऊन येतो आम्ही. आल्यावर जमलं तर ठीक. नाही तर रविवारचं आपण ठरवलंय तसं."

खोलीत आम्ही दोघीच उरलो. वन्संनी खोलीच्या अ‍ॅम्पला दोन शिव्या हासडल्या. मग मला म्हणाल्या, "तुला काय ऐकू येतंय? गाण्याच्या भाषेत नको सांगू, तुला वाटतं तसं सांग."

"कुणीतरी पडद्याआडून बोलतंय असं वाटतं."

"कसल्या पडद्याआडून?"

"तो तुम्ही शिवता ना, उजेड अडवणारा. तसला."

"तो एवढा अडवत नाही. त्याला एकच अस्तर असतं." आणि तिथंच त्या अडखळल्या. "अस्तरावर अस्तर लावलं तरच असं कोंडतं..."

त्या पेटीपाशी खाली बसल्या. मी शेजारी बसले आणि देवाचं नाव घेतलं, दुसरं मला काय येतं! वन्सं म्हणाल्या, "मनात घे. तुझ्या देवाला हळू बोललेलं ऐकू येतं. मास्तरांना येत नाही, त्यांचाच वांधा आहे." बोलता बोलता त्यांना ते सापडलं. पेटीत अ‍ॅम्पची नक्कल होती, आणि अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या खोक्याचीही. हेडफोनवर ऐकताना खोका नसतो, म्हणून ती नक्कल लागते. इथं खरा खोका समोर होता आणि पेटीतला खोटाही चालूच होता. आवाज आधी एका खोक्यातून गाळला जात होता, मग दुसऱ्यातून. गिऱ्हाइकाला कापड खिडकीशी धरून बघायला लावणाऱ्या बाईनं आवाज मात्र दुकानातल्या दुकानातच पसंत केला होता.

पेटीवर त्या खोट्या खोक्याचा एक हिरवा दिवा होता, तो त्यांनी विझवला. तेच चार सूर वाजवले. जमीन हलली माझ्या पायाखालची! चप्पल काढून बसले होते म्हणून नीट कळलं.

मास्तर चहा पिऊन आले, दोन गाणी झाली. "या खोलीत ठीक आहे," ते म्हणाले. पेपर तपासतानाही ते एवढंच लिहीत असावेत. "सभागृह मोठं आहे. तिथं ऐकू आलं तर तुम्हीच. नाही आलं तर पुढच्या वेळेपासून कीबोर्डवर भागवू." कीबोर्डवाली बिचारी आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

रविवारी सभागृहाच्या मागच्या दारापाशी वन्सं पिशवी धरून उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, केसांत क्लिप, आणि तोंड परीक्षेला निघाल्यासारखं. मी म्हटलं, "सगळं छान होईल, वन्सं."

"हे बघ, हेच नको आहे मला." त्यांनी माझा दंड धरला. "तुझा नवरा पहिल्या रांगेत बसलाय. मी नुसती पिशवी उघडली तरी तो टाळ्या वाजवील, भाऊच आहे माझा. तू पुढे बसू नकोस. शेवटच्या खुर्च्यांच्या मागे भिंतीशी जाऊन उभी राहा आणि माझ्याकडे बघू नकोस, नुसतं ऐक. मी ऐकू येत नसेन तर हात वर कर, मी बटण फिरवीन. फिरवूनही आले नाही..."

आतून मास्तर ड्रम जुळवत होते.

"तर घरी जाताना मला तसं सांग. वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नकोस. मास्तरांकडून कळायच्या आधी मला तुझ्याकडून कळू दे."