आजोबाचं माप

मंडळी, आज लय थकलो. बाबांच्या जन्माआधीच आजोबा महायुद्धावर गेले ते आलेच नाहीत. वर्षभर त्यांची फौजेतली नोंद शोधून राह्यलो होतो. आज दुपारी टपालानं कागद आला. ना फोटो, ना पदक. फक्त नाव, गाव मेडशी अन् भरतीच्या वेळचं माप.

मले वाटलं, गेली मेहनत पाण्यात. तरी बाबाले वाचून दाखवलं. बाबांनी जन्मभर मालेगावात कपडे शिवले.

"उंची किती लिवली?"

"पाच फूट चार."

बाबा मशीनवरून उठले. गळ्यातला टेप माह्या हातात दिला, भिंतीले पाठ लावून उभे राहिले.

"वयानं खचलो असन थोडा. तेवढं धरून माप घे माहं."