बापूजींच्या बाजूचा दरवाजा

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रकवाल्यांत रुपराव ढोबळेंचं नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग मान डोलावत. हसत ते त्यांच्या हट्टाला, मान डोलावत ते त्यांच्या हाताला. अमरावती रोडवरच्या गोदामांमागं त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं ऐसपैस अंगण. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका ट्रकनं दोर लावून त्या अंगणात जे काही ओढून आणलं, ते पाहून त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, कपाळाला हात लावला.

"वं माय! हे गाडी हाय का कोंबड्याईचं खुराडं?"

बाईचं काही चुकलं नव्हतं. ती होती एके काळची विलायती स्टेशन वॅगन. पुढून मोटार आणि मागं लाकडी बाजूंची लांबच लांब खोली. दोन दारं, शिवाय पाठीमागं सामान टाकायची फळी. नागपुरातल्या सदर भागातल्या बापूजी लाकूडवाल्यांची ही गाडी त्यांच्या लाकूड कापायच्या आरामशीनमागं कित्येक वर्षं कुजत पडली होती. मीटरमधल्या काट्यांच्या जागी गांधीलमाश्यांनी घर केलेलं, सीटमधून स्प्रिंगा वर आलेल्या आणि डाव्या बाजूचा दरवाजा तर वाळवीनं पार खाऊन टाकलेला. बापूजींची सून यमुताई म्हणाली होती, "घेऊन जा भाऊ. भंगारवाला बी नाही म्हणते तिले."

पण रुपरावांना त्या गाडीचं भंगार दिसतच नव्हतं. ऐन विशीत खेड्यावरून आले तेव्हा त्यांना बैलगाडीपलीकडं काही हाकता येत नव्हतं. बापूजींनी त्यांना लाकडं उचलायला ठेवलं आणि एक दिवस या नव्याकोऱ्या गाडीत बसवून म्हटलं, "चालव." स्वतः डावीकडं शेजारी बसले. मालक हमालाला गाडी शिकवतो, असं सदरमध्ये तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच वळणावर चिंचेचं झाड समोर आलं. रुपरावांनी ब्रेक दाबायचा सोडून "हो हो हो" करत दोन्ही हातांनी स्टिअरिंग मागं ओढलं, जसा बैलाचा कासरा ओढावा तसं! गाडी काही बैल नव्हती. बापूजींच्या बाजूचा दरवाजा चिंचेवर आदळून चेपला.

रुपराव खाली मान घालून उभे. आता नोकरी गेली, वर मार मिळणार. बापूजींनी दरवाज्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "हात दाखव." दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बोटं हलवून पाहिली. मग म्हणाले, "गाडीले दरवाजा नवा बसते रे, रुप्या. तुले हात कुठून आणून देऊ?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत शिकवणी सुरू.

त्या हातांवर रुपरावांनी जन्मभर ट्रक चालवले, दोन पोरी उजवल्या, घर उभं केलं. कुणी विचारो न विचारो, ते सांगत, "मी खाऊन राहिलो ना, तो घास बापूजीचा हाय." असं उपकार मानणारं माणूस विरळाच. आपण तर गरज सरो नि वैद्य मरो या जातीचे.

आता बापूजींना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येई. फेटा बांधून सदरमधून रुबाबात फिरलेला माणूस. आपली ही दशा कुणी पाहू नये म्हणून त्यांनी उंबरठा ओलांडणंच सोडलं. प्रत्येक भेटीत ते रुपरावांना आणखी थोडे खंगलेले दिसत. म्हणून रुपरावांनी पण केला, की बापूजी आहेत तोवर त्यांना याच गाडीत, त्यांच्याच जागेवर बसवून एक चक्कर मारायची.

मग काय, अंगण गेलं. इंजिन गोणपाटावर उघडं पडलं. जीपचा कार्बोरेटर, कुठल्या तरी ट्रकचा पंखा, असा सोयऱ्याधायऱ्यांचा मेळ जमला. पापड वाळत घालायला जागा नाही म्हणून मनकर्णाबाई रोज तोंड सोडी. पण कडुनिंबाचा धूर करून गांधीलमाश्या तिनंच हाकलल्या आणि सीटांच्या खोळी तिनंच शिवल्या.

डावा दरवाजा रुपरावांनी साजाच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, फळ्यांचा केला. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. टिचकी मारली तर फळी खणखण वाजे. दार असं चपखल बसवलं की फटीत कागद शिरेना.

"थोडी फट ठेवा," मनकर्णाबाई म्हणाली. "आपल्या घराचं दार पावसात लाथ मारल्याबिगर उघडते का?"

"अवं, ते सुतारानं केलं होतं. हे मी करून राहिलो!"

मनकर्णाबाई सुईदोरा घेऊन सीटांच्या खोळींकडं वळली.

रंग, वार्निश, वायरिंग करता करता श्रावण उजाडला आणि पावसानं झड धरली. दारं उघडी टाकूनच काम चाललेलं, त्यामुळं फळ्या पाणी पीत होत्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका सकाळी इंजिन धडधडलं. लगेच रुपरावांनी डावं दार घाईत न लावताच नुसतं सुतळीनं आवळलं, मनकर्णाबाईला मागं बसवलं आणि सदर गाठलं.

बापूजींनी मान हलवली. "नाही... लोक पाहतीन."

"फिराचं नाही जी. फाटकातच उभी हाय. नुसतं बसा अन् उतरा."

खुर्चीवरून उचलून त्यांना जागेवर बसवलं. बापूजींनी डाव्या हातानं दरवाज्यावरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. मग स्वतःच दार ओढलं. बसेना, तेव्हा दात आवळून पुन्हा ओढलं. धाड्दिशी बसलं.

उतरवायची वेळ आली आणि दार हलेना. रुपरावांनी पाय रोवून ओढलं, यमुताईनं हात लावला. ड्रायव्हरच्या बाजूनं काढावं तर मेलेला पाय स्टिअरिंगखालून निघेना.

"सांगतलं होतं," मागून मनकर्णाबाई म्हणाली.

रुपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपकार फेडायला आलो आणि म्हाताऱ्याला कोंडून बसलो! रंधा, पटाशी, सगळी हत्यारं वाडीला.

बापूजी समोरच्या काचेतून बघत होते. "मंग... वाडीले चाल," ते म्हणाले.

फुटाळा तलावाच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी गाडी हळू झाली आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, बापूजी हायेत!" जुने गाडीवान, हमाल गोळा झाले. खिडकीतून चहा आला. निम्मा ओठांतून सांडला, बापूजींनी उपरण्यानं पुसला, आणि कुणी नजर वळवली नाही. एक हमाल म्हणाला, "तुमी घरी बसले, बापूजी, अन् आमाले शिव्या द्याले कोणी उरलं नाही." बापूजी अर्ध्या तोंडानं हसले. अर्ध्याच, पण खदखदून.

वाडीला पोचताच रुपराव धावत रंधा घेऊन आले. बापूजींनी हात वर केला.

"काहून घाई करून राहिला? साज हाय ना हा?"

"हो जी."

"ठोकलं तवाच समजलं. साज पावसात फुगते. एकदा लावलं का... उघडत नाही."

रुपरावांनी रंधा खाली केला. "मंग लावलं काहून जी?"

बापूजींनी खिडकीतून त्यांचा हात धरला आणि चिंचेपाशी पाहिला होता तसा उलटसुलट करून पाहिला.

"उतरता आलं असतं, तर मी फाटकातूनच परत गेलो असतो, रुप्या."

रुपरावांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी रंधा सीटखाली सरकवला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं.