‘ॲडजस्ट’ची बॅच

घरातलं माणूस गेल्यावर भेटायला येणारे चहा घेतात आणि हळूच एखादी आठवण काढतात. सर गेले त्या उन्हाळ्यात आमच्याकडे अशा किस्स्यांचा ढीग साचला.

सर म्हणजे माझे यजमान. पंचवटीत एका दुकानावरच्या खोलीत ते संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा क्लास घेत. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही. माझं इंग्रजीत एम.ए. झालेलं, पण मी मागच्या बाकावर बसून हजेरी घ्यायचे. फळ्यापाशी कधी गेले नव्हते. आता खोली सोडायची, किल्ली घरमालकांना द्यायची, असं मी ठरवलं होतं. विद्यार्थ्यांना ते पटत नव्हतं. समजूत घालायला येत आणि गाडी ‘ॲडजस्ट’वर जाई.

दर शनिवारी एक इंग्रजी क्रियापद, ही सरांची पद्धत. आधी मूळ, मग अर्थ, मग प्रत्येकाने आठवड्यातला खरा प्रसंग त्या शब्दात बसवायचा. शहाण्णव साली ‘ॲडजस्ट’ आलं आणि ती बॅच त्यातून बाहेरच पडली नाही.

*

सर म्हणाले, शब्द लॅटिनमधला, फ्रेंचमार्गे आलेला. मुळात अर्थ ‘जवळ आणणं’. पुढे ‘जुळवणं, नीट बसवणं’.

नर्स असलेल्या सुलभाताईंनी हात वर केला. “सर, यात ‘गप्प बसणं’ कुठेच नाही?”

“नाही.”

“मग आमच्या सासूबाईंनाही पाठवते क्लासला.”

*

विंचूरचे भाऊसाहेब कांद्याचे व्यापारी. रोज जीपने येत. जीपवाला प्रत्येक थांब्यावर “जरा ॲडजस्ट करा” म्हणत माणसं कोंबायचा. शेवटी एकदा त्यालाच जागा उरली नाही. अर्धा बाहेर लटकून त्याने गाडी आणली.

भाऊसाहेबांनी वाक्य केलं, “ड्रायव्हर ॲडजस्टेड हिमसेल्फ आउटसाइड.”

सरांनी पूर्ण मार्क दिले.

*

कळवणचा देवरे मुलगी बघायला गेला. मुलीचे वडील म्हणाले, आमची मुलगी ॲडजस्ट करेल, काळजी नको. देवरेच्या डोक्यात सरांचं लॅटिन. तो म्हणाला, तिने एकटीनेच का? मीही जवळ येईन की!

सासरेबुवा घाबरले. “म्हणजे घरजावई व्हायचंय का?”

लग्न झालं. देवरे आज सासऱ्यांच्या शेजारच्याच घरात राहतो.

*

सरांना स्वतःला घरात काहीच जुळवता येत नसे. रविवारी ते गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि मी खिडकीतून ओरडायचे, थोडं डावीकडे, थोडं मागे. एकदा खालच्या मजल्यावरून कुलकर्णीकाकू म्हणाल्या, “आता आमच्या अँटेनाला हात लावू नका, छान दिसतंय!”

सर तसेच खाली आले. आम्ही त्यांच्याकडे जाऊन सिनेमा पाहिला.

*

किल्ली द्यायच्या दिवशी मी खोली आवरत होते. भाऊसाहेब आणि सुलभाताई मदतीला म्हणून आले आणि बाकांवर बसून राहिले. घरमालक शेठजी दारात उभे होते. मी पर्समध्ये किल्ली शोधत होते.

तेवढ्यात जिना चढून एक बाई आल्या, हातात झेंडूची रिकामी टोपली. मखमलाबादच्या लताबाई. पोरीच्या शाळेत बाईंशी इंग्रजीत बोलायचं होतं. कुणीतरी हा पत्ता दिलेला.

“सर नाय का?” त्यांनी विचारलं.

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“सर नाहीत आता,” मी म्हणाले. “मी घेते. बसा.”

लताबाई टोपली खाली ठेवून पहिल्या बाकावर बसल्या. शेठजींना काय वाटलं कुणास ठाऊक, तेही त्यांच्या मागच्या बाकावर टेकले. मी फळ्यापाशी गेले.

“व्हॉट इज युवर नेम?” मी लताबाईंना विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. शेठजी उभे राहिले, त्यांनी हाताची घडी घातली आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं.