काचेबाहेर उभी वहिनी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुमच्यापाशी सुरुवात केली आहे — जमेल तसं बोलतो.

त्या हिवाळ्यात थोरला भाऊ, दादा, सरहद्दीवर होता. लढाई आज पेटते की उद्या, असे दिवस. बर्फ वितळवून पाणी प्यायचं, बधिर बोटांनी रायफल पुसायची, आणि रविवारी रांगेत उभं राहून घरी फोन लावायचा. तो फोन वडनेरला माझ्या एसटीडी बूथवर यायचा. वहिनी कापूस वेचायला जाण्याआधी येऊन काचेच्या दाराबाहेर थांबायची.

आणि मी? मी आत दादाशीच बोलत असायचो. तिच्या डोळ्यांदेखत.

"वहिनी येत नाई म्हणते, दादा." फोन ठेवून दार उघडायचो — "दुसऱ्याचा होता वहिनी. दादाचा नाई आला."

का? फौजेच्या भरतीत धावताना मी पडलो, तेव्हा ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "भाऊजी, तुमाले पाहून दुश्मन हासूनच मरते!" सगळे हसले. मीही हसलो. एवढंच. पुढे तर तो रागही उरला नाही... तिला ताटकळताना पाहणं मला आवडू लागलं होतं.

त्याच थंडीत तिचं मूल पोटातच गेलं. सेवाग्रामहून दवाखाना करून आली आणि म्हणाली, "त्यायचा फोन आला तर बोलावजा भाऊजी. मलेच सांगू द्या." फोन आला. मी बोलावलं नाही.

दादा सुटीवर आला आणि जुंपली.

"दर रविवारी फोन केला, तू आली नाई!"

"कधी केला? मी तिथंच उभी राहत होती!"

दोघं माझ्याकडे वळली. "सांग ना रे तू," दादा म्हणाला.

"जाऊ द्या ना आता," मी म्हणालो — मान खाली घालून. दोघांनाही वाटलं, मी दुसऱ्याची अब्रू झाकतो आहे. दोघांनी एकमेकांना खोटं ठरवलं. मला कुणीच नाही.

वहिनी माहेरी गेली, ती कायमची. बसस्टँडवर म्हणाली, "माह्यासाठी फोनापाशी बसणारे तुमी एकलेच होते, भाऊजी." मी तिची पेटी बसमध्ये चढवून दिली.

दादा आता सिंदी मेघेत एकटा राहतो. रविवारी मी डबा नेतो. जेवताना तो अजूनही मधेच थांबतो — "एकडाव तरी फोनवर याले पायजे होतं रे तिनं."

मी त्याला भाजी वाढतो.